काटा, कुरूप आणि मे महिन्यातला इन्क्युबेटर

आबांच्या उजव्या तळपायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा मी नववीत होते. कपाशीच्या बांधावर वाळलेल्या फांद्यांचं कुंपण होतं, त्यावर पाय पडला, काटा चपलेतून आरपार. काढला तेव्हा अर्धाच आला, टोक आतच राहिलं. मग घरचे सगळे उपाय झाले, गूळ-चुना झाला, बिब्ब्याचा चटका देऊन झाला, आजी रोज तिथं तेल चोळायची, आणि दोन वर्ष आबा टाच उचलूनच चालले. गावात सगळे म्हणायचे कुरूप झालंय. शेवटी जळगावला एका डॉक्टरांनी जागा बधिर करून ती गाठ कापून काढली, हरभऱ्याएवढी होती, आणि तिच्या मधोमध काळं पडलेलं काट्याचं टोक. दोन वर्षांत ते विरघळलं नव्हतं, मऊ पडलं नव्हतं, काही नाही. गाठ पॅथॉलॉजीला पाठवली आणि रिपोर्टवर लिहून आलं की फॉरेन बॉडी टाइप जायंट सेल्स दिसतात. आबांनी मला वाचायला दिला, मी म्हणलं मोठ्या पेशी सापडल्या म्हणे. ते म्हणाले, "मोठ्या असून काय उपयोग, काटा तर तसाच राहिला."

हे एवढं आधी सांगायचं कारण असं की पुढं दहा-बारा वर्षांनी माझ्या पीएचडीला मॅडमनी जो विषय दिला तो नेमका हाच निघाला. रक्तातल्या मोनोसाइटपासून जायंट सेल कशी बनते आणि इम्यून सिस्टीमची जी सिग्नलवाली प्रथिनं असतात, सायटोकाइन्स, ती त्यात काय करतात. रिपोर्टचा तो कागद घरी अजून ट्रंकेत आहे. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या मग तर तुझा प्रोजेक्ट आधीच सुरू झालाय.

थोडक्यात विषय सांगते, मग माझे हाल सांगते. मोनोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींमधला साधारण २ ते ८ टक्के हिस्सा. रक्तात एक-दोन दिवस फिरतात, मग टिश्यूत शिरून मॅक्रोफेज होतात, म्हणजे खाणाऱ्या पेशी. जंतू दिसला गिळला, मेलेली पेशी दिसली गिळली. पण गिळायची वस्तू आपल्यापेक्षा शंभरपट मोठी असेल, काटा म्हणा, टाक्याचा रेशमी दोरा म्हणा, इम्प्लांट म्हणा, किंवा टीबीच्या जंतूसारखी गिळूनही न मरणारी असेल, तर हे मॅक्रोफेज एकमेकांना चिकटतात, त्यांची आवरणं जुळतात आणि एकच मोठी पेशी होते, आत दहा, वीस, कधी शंभराच्या वर न्यूक्लियस, म्हणजे पेशीची केंद्रकं. हीच जायंट सेल.

आणि या दोन तऱ्हेच्या दिसतात, हा भाग मला पहिल्यापासून आवडला. टीबीच्या गाठीतल्या जायंट सेलमध्ये न्यूक्लियस कडेला घोड्याच्या नालेसारखे ओळीत लागलेले असतात, हिला लँगहान्स जायंट सेल म्हणतात, थिओडोर लँगहान्सने १८६८ मध्ये टीबीच्या गाठीत वर्णन केलेली. (पॅनक्रियाजवाला तो लँगरहान्स, वेगळा माणूस. हे दोघं एकाच काळातले जर्मन, आणि परीक्षेत माझ्यासकट निम्म्या वर्गाने यांची अदलाबदल केलेली आहे.) आबांच्या पायातली ती दुसरी, फॉरेन बॉडीवाली, म्हणजे बाहेरून शिरलेल्या वस्तूभोवती होणारी, तिच्यात न्यूक्लियस वाटेल तसे विखुरलेले, पोत्यातून शेंगा सांडल्यासारखे.

आता मोनोसाइट तर एकच, मग एकदा नाल आणि एकदा सांडलेल्या शेंगा, असं का? इथं सायटोकाइन्स येतात. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या वाइनबर्ग आणि मंडळींनी दाखवलं की माणसाच्या मोनोसाइटला नुसता इंटरफेरॉन गॅमा दिला तरी बहुकेंद्रकी पेशी होतात. हे तेच इंटरफेरॉन, टीबीसाठी जी इग्रा नावाची रक्ताची टेस्ट करतात ना, तिच्यात हेच मोजतात. मग १९८८ मध्ये इंटरल्यूकिन-४, म्हणजे आयएल-४ या सायटोकाइनचं नाव आलं, आणि १९९५ मध्ये मॅकनॅली आणि अँडरसननी माणसाच्या मोनोसाइटवर आयएल-४ टाकून भल्यामोठ्या फॉरेन बॉडी जायंट सेल प्लेटमध्ये बनवून दाखवल्या. आयएल-१३ पण तेच करतो, भाऊच आहे तो त्याचा. त्याच मोनोसाइटला एम-सीएसएफ आणि रँकल ही आणखी दोन सिग्नलवाली प्रथिनं दिली तर तिसरंच, हाड खाणारी ऑस्टिओक्लास्ट तयार होते, आणि तिथं इंटरफेरॉन गॅमा आला तर उलट तो ब्रेक लावतो. म्हणजे जो एकीकडे जुळवतो तोच दुसरीकडे अडवतो. वाचताना हे इतकं सरळ वाटलं की मी मॅडमना म्हणलं सहा महिन्यांत होईल. मॅडम काही बोलल्या नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं.

आधी एथिक्स कमिटी. माणसाचं रक्त वापरायचं तर परवानगी, कन्सेंट फॉर्म मराठीत, आणि तो मराठीत लिहिताना माझी जी त्रेधा उडाली ती वेगळीच गोष्ट आहे. आमच्याकडं कडक नियम होता की स्वतःचं रक्त स्वतःच्या कल्चरला वापरायचं नाही, कारण बाहेर वाढलेल्या, उत्तेजित केलेल्या स्वतःच्याच पेशी चुकून सुईने परत अंगात गेल्या तर शरीर त्यांना परकं समजणार नाही. मग व्हॉलंटियर. हॉस्टेलच्या मुली, लॅबचे अटेंडंट काका, एक केळीवाला ज्याला रोज आम्ही बघायचो, तो म्हणाला ताई घ्या ना, ब्लड डोनेशनला जातोच की मी. प्रत्येकी चाळीस मिली.

रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, सलाइनने पातळ करायचं आणि १.०७७ घनतेच्या द्रवावर अलगद सोडायचं. हा अलगद शब्द प्रोटोकॉलमध्ये एकदाच येतो पण त्यावर माझा एक आठवडा गेला. ट्यूब तिरपी धरायची, पिपेटचं टोक काचेला टेकवायचं आणि थेंबथेंब उतरू द्यायचं, दोन थर एकमेकात मिसळले की खेळ खल्लास. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये, ४०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) तीस मिनिटं, ब्रेक बंद ठेवून. पहिल्या खेपेला मी ब्रेक बंद करायची विसरले, मशीन झटक्यात थांबलं आणि ट्यूबमध्ये नुसता गुलाबी गढूळ काला. दुसऱ्या खेपेला नीट झालं, वर पिवळी प्लाझ्मा, खाली लाल, आणि मधे दुधाच्या सायीसारखी पातळ पांढुरकी कड. ती कड बघून मी अक्षरशः ओरडले, लॅबमधला सिनियर धावत आला, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो म्हणाला "काय झालं भो, आग लागली का?"

त्या सायीत मोनोसाइट पाचातली एखादी, बाकी बहुतेक लिंफोसाइट, पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार. वेगळ्या करायचा गरिबाचा उपाय म्हणजे चिकटवणं. प्लेटमध्ये टाकायच्या, ३७ डिग्रीला दीड-दोन तास ठेवायच्या, मोनोसाइट तळाला चिकटतात, लिंफोसाइट तरंगत राहतात, मग कोमट मीडियाने, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवाने, धुऊन टाकायच्या. त्याआधी प्लेटलेट घालवायला हळू वेगावर दोन-तीन वॉश, नाहीतर त्या सगळीकडे चिकटून बसतात आणि मायक्रोस्कोपखाली रवा सांडल्यासारखं दिसतं.

पहिल्या बॅचमध्ये मी कंजूषपणा केला. चाळीस मिली रक्तातून जेमतेम पन्नास-साठ लाख मोनोसाइट निघाल्या, म्हणलं चोवीस खणांची अख्खी प्लेट भरू, जास्त कंडिशन बघता येतील, म्हणून खणाला दोन लाखांनी वाटल्या आणि धुताना त्यातल्याही निम्म्या गेल्या. तीन दिवस नुसत्या सीरमच्या मीडियात, आधी मॅक्रोफेज होऊ द्यायच्या म्हणून, तिसऱ्या दिवशी आयएल-४ दहा नॅनोग्रॅम प्रति मिली, सातव्या दिवशी परत, दहाव्या दिवशी मिथेनॉलने फिक्स करून जिम्सा स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून रंग. पेशी छान दिसत होत्या, लांब लांब पाय पसरलेल्या, निरोगी. पण एकेकट्या. खणात इकडे एक तिकडे एक, जशी उन्हाळ्यात आमच्या गावच्या शेतात झाडं दिसतात तशी. जायंट सेल शोधून शोधून दोन सापडल्या. मी समजले आयएल-४ खराब झालं. ती कुपी दहा मायक्रोग्रॅमची, डोळ्याला आत काही दिसत पण नाही, तळाला पांढरट डाग असावा तेवढं, आणि आमच्या वर्षाच्या खर्चातला सगळ्यात महागडा आयटम. रात्रभर झोप नाही.

मॅडमनी फक्त एक प्रश्न विचारला, "पेशी एकमेकींना भेटल्या कुठं?" मग डोक्यात प्रकाश. सायटोकाइन म्हणजे काय तर आमंत्रण. आयएल-४ पेशीवरच्या त्याच्या रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनाला, बसलं की आत स्टॅट-६ नावाचं प्रथिन जागं होतं, ते न्यूक्लियसमध्ये जाऊन जीन चालू करतं आणि मग पेशीच्या अंगावर चिकटायची सामग्री येते, ई-कॅडहेरिन, डीसी-स्टॅम्प वगैरे. डीसी-स्टॅम्प नसलेल्या उंदरांवर २००५ मध्ये जपानमध्ये काम झालं, त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट पण जुळेनात आणि फॉरेन बॉडी जायंट सेल पण जुळेनात. पण ही सगळी सामग्री अंगावर चढवून पेशी तयार बसली आणि शेजारी कोणी नसेल तर ती जुळणार कुणाशी? पेपरमध्ये डेन्सिटीचा आकडा एका ओळीत दिलेला असतो, आपण त्यावरून पुढं सरकतो. कळण्याच्या भाकरीत उडीद किती हे जसं कुणी लिहून ठेवत नाही तसंच झालं हे, ज्याला माहीत त्याला वाटतं हे काय सांगायचं.

दुसऱ्या खेपेला खणाला पाच लाख, मोजकेच खण. आणि यावेळी उलटंच, सगळीकडे जायंट सेल. कंट्रोलमध्ये पण! जिथं मी काहीच टाकलं नव्हतं तिथं पण नालेसारख्या रांगा. मी आनंदात फोटो काढत बसले होते, दादा मागून बघून म्हणाला हे वाईट आहे. खरंच वाईट होतं. नीट बघितलं तर त्या खणांमध्ये मोठ्या पेशींच्या आजूबाजूला बारक्या गोल चकचकीत पेशींचे घोळके, लिंफोसाइट. धुताना मला वाटलं पेशी निघून जातील म्हणून मी हात आखडता घेतला होता. त्यात माझं पाणी. पाण्यात जंतूंच्या कवचाचा अंश, एंडोटॉक्सिन, राहिला की या पेशी भडकतात आणि लिंफोसाइट स्वतःच इंटरफेरॉन गॅमा सोडायला लागतात. म्हणजे मी कुपीतून न दिलेलं सायटोकाइन खणातल्या खणातच तयार होत होतं. निदान माझा अंदाज तो. पुढच्या वेळी चार वेळा धुतलं, पाण्याची बाटली बदलली आणि कंट्रोल स्वच्छ आला, त्यामुळे अंदाज बरोबर असावा.

एक मात्र झालं, त्या फसलेल्या प्लेटमुळे मॅडमना आयडिया सुचली. रिकॉम्बिनंट, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेल्या, इंटरफेरॉनची कुपी घ्यायला पैसे नव्हते, तर लिंफोसाइटकडूनच करून घेऊ. कॉनकॅनाव्हॅलिन-ए म्हणून एक प्रथिन आहे, अबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या बियांपासून काढतात, ते टाकलं की लिंफोसाइटमधल्या टी पेशी पेटून उठतात आणि दोन-तीन दिवसांत मीडियात सगळी सायटोकाइन्स ओततात. पेशी काढून टाकायच्या, वरचा रस्सा गाळून ठेवायचा. हा रस्सा मोनोसाइटला दिला की लँगहान्ससारख्या जायंट सेल येतात, हे जुनं, ऐंशीच्या दशकापासूनचं तंत्र आहे. अडचण एवढीच की रश्श्यात काय काय आहे ते कळत नाही, मग इंटरफेरॉन गॅमाला बांधून टाकणारी अँटिबॉडी घालून बघायचं, जुळणं कमी झालं तर समजायचं की तिखट त्याचंच होतं. एकट्या गॅमाने सगळ्यांनाच सारखं जमत नाही, आयएल-३ सारखं काही सोबत असलं की जास्त जमतं असंही पुढच्या लोकांना दिसलंय. त्यामुळे रस्सा हा तसा बावळट उपाय नाही, शरीरात तरी कुठं एकेक सायटोकाइन सुटं मिळतं.

आता तो मे महिना.

जळगावचा मे ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. ४५ डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, रात्री गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकायच्या. प्लेट आठव्या दिवसावर होती, इतकी सुंदर प्लेट माझ्या हातून कधी झाली नव्हती, सहाव्या दिवशी बघितलं तेव्हा पेशी एकमेकींना बोटं लावून बसलेल्या. शनिवारी दुपारी लाइट गेली, जनरेटर लागला, इन्क्युबेटर चालू राहिला, पण जनरेटरवर एसी नव्हता. संध्याकाळी लाइट आली तेव्हा एसीचा एमसीबी ट्रिप होऊन बसलेला, कुणी बघितलं नाही. रविवारी सकाळी मी गेले तर खोलीत भट्टी, भिंतीवरचा थर्मामीटर ४०, आणि इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर ४१.३.

मला तोवर खरंच माहीत नव्हतं की इन्क्युबेटर फक्त गरम करतो. थंड करत नाही! ३७ राखायला बाहेरची खोली त्याच्यापेक्षा निदान पाच डिग्री थंड लागते, नाहीतर त्याची स्वतःची पंख्याची, सर्किटची उष्णता जाणार कुठं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय, दुसऱ्याच पानावर. पुस्तकात सगळीकडे भीती थंडीची घातलेली असते, पेशी गार पडू देऊ नका, आणि इथं खान्देशात उकाड्याने माझ्या पेशी गेल्या. प्लेट काढली तर खणांच्या तळाला काही नाही, सगळ्या सुटून वर तरंगत होत्या, गोल गोल. केळीवाल्याचं चाळीस मिली रक्त आणि आयएल-४ चे दोन हप्ते. मी पायरीवर बसून रडले, लपवत नाही. काकांनी ताकाचा ग्लास आणून दिला, काही बोलले नाहीत, आणि मग स्वतःच स्टूलवर चढून एमसीबी वर केला.

घरी फोन केला तर आजी म्हणाली, "काय करी ऱ्हायनी तू, रडी काबरं ऱ्हायनी?" मी म्हणलं आजी पेशी मेल्या. ती म्हणाली, कोन मरनं?? पाच मिनिटं समजावण्यात गेली.

जुलैत पाऊस पडला, खोली २६ वर आली आणि त्याच केळीवाल्याने परत रक्त दिलं. दहाव्या दिवशी जिम्सा करून स्लाइड लावली. पहिल्या फील्डमध्येच. एक जांभळा-निळा मोठा पत्रा, कडा झालरीसारख्या, आणि आत न्यूक्लियस. मोजले, तेवीस. परत मोजले, चोवीस. आयएल-४ च्या खणात असे पत्रे जागोजाग, न्यूक्लियस विखुरलेले, आबांच्या रिपोर्टातल्यासारखे. रश्श्याच्या खणात लहान पेशी, आठ-दहा न्यूक्लियस, आणि बऱ्याच ठिकाणी ती नाल. कंट्रोलमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या पण सुट्या. अँटिबॉडी घातलेल्या खणात नालेसारख्या रांगा कमी झालेल्या. एकाच माणसाच्या एकाच दिवशीच्या रक्तातून हे तीन-चार वेगवेगळे नकाशे. मी अर्धा तास नुसती बघत बसले, मोजायचं विसरून.

मोजणं मात्र वैताग. फ्यूजन इंडेक्स म्हणजे तीन किंवा जास्त न्यूक्लियस असलेल्या पेशींमध्ये किती न्यूक्लियस आहेत ते एकूण न्यूक्लियसच्या टक्क्यात. ऐकायला सोपं. पण दोन पेशी एकमेकींवर चढल्या की एकच वाटते, आणि आपल्याला कुठल्या खणात काय टाकलंय ते माहीत असलं की डोळा बरोबर हवं तिथं जायंट सेल बघतो. म्हणून रूममेटकडून स्लाइडवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या, ती कॉमर्सची, तिला काय कशात आहे काही कळत नव्हतं, उत्तम. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा माझे दोन अंदाज चुकले होते. आणि माणसामाणसात फरक इतका, की काकांच्या रक्तात जे आयएल-४ ने धो धो जुळतं ते एका मुलीच्या रक्तात जेमतेम. पाच जणांचे आकडे एका ग्राफवर टाकले तर एरर बार, म्हणजे आकड्यांतला फरक दाखवणाऱ्या उभ्या रेषा, बघून मॅडम म्हणाल्या हे बार आहेत की विजेचे खांब.

सप्टेंबरच्या प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं, या पेशी जुळल्याच हे कशावरून? एकाच पेशीचं न्यूक्लियस फुटत गेलं आणि पेशी मात्र दुभंगलीच नाही, असं नसेल कशावरून? मी गप्प. प्रश्न फालतू नव्हता, जंतूंच्या लिपोप्रोटीनमुळे मॅक्रोफेज असे विभाजन अर्धवट सोडून बहुकेंद्रकी होतात असं २०१६ च्या एका कामात उंदरांच्या पेशींवर दाखवलंय, मी तो पेपर वाचलेला होता आणि तरी ऐनवेळी आठवला नाही. उत्तर द्यायचा मार्ग असा की अर्ध्या मोनोसाइट हिरव्या रंगाने आणि अर्ध्या लाल रंगाने रंगवायच्या, एकत्र लावायच्या आणि शेवटी एकाच पेशीत दोन्ही रंग दिसतात का बघायचं. दिसले तर जुळल्या.

आमच्याकडे फ्लोरोसन्स मायक्रोस्कोप नाही, पुण्याला स्लॉट घ्यायला लागणार, फिक्स केलेल्या स्लाइडी डब्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. डाय मागवलेत. दिवाळीला घरी गेले होते तेव्हा आबांना लॅपटॉपवर तो तेवीस-चोवीसवाला फोटो दाखवला, म्हणलं हे बघा तुमच्या पायात हे होतं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एवढ्या सगळ्या गोळा होऊन काटा का नाही खाल्ला मग?" मी सांगितलं की काट्यात सेल्युलोज, लाकूड, ते पचवायला लागणारं एन्झाइम आपल्या पेशींकडे नाहीच, त्या नुसत्या त्याला घट्ट धरून बसतात, ॲसिड सोडत राहतात. ते म्हणाले, "म्हणजे राखण करत होत्या." आणि वांगी भाजायला काड्या आणायला निघून गेले.

रंगाची बॅच जानेवारीत लावायची म्हणते, थंडीत. एसीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय मार्चच्या आत येऊन जा, आणि जनरेटरची लाइन एसीला पण जोडून दे, पैसे कुठून द्यायचे ते मॅडम आणि मी बघू.